ग्रंथ आमचा, किल्ली त्यांची

बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ साली स्थापन झाले. पुढे १९५६ च्या पुनर्रचनेत बेळगाव-निपाणीचा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तरी मराठी ग्रंथ हातोहात फिरण्याची रीत टिकून राहिली. ह्या रीतीमागे कायद्याचे एक साधे तत्त्व उभे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील चौदाव्या कलमाचे स्पष्टीकरण सांगते की, एकदा विकलेली प्रत ही प्रचारात आलेली प्रत समजावी. लेखकाचा हक्क मजकुरावर राहतो. विकल्या गेलेल्या प्रतीवर विक्रेत्याची सत्ता उरत नाही. ती आम्ही शेजाऱ्यास द्यावी, वाचनालयास अर्पण करावी किंवा मुलांसाठी मागे ठेवावी. जाब विचारणारा कोणी नाही.

डिजिटल ग्रंथाने हे तत्त्व निमूटपणे मोडीत काढले आहे. डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तके रीतसर मिळू लागली. पुण्या-मुंबईच्या दुकानांपासून दूर असलेल्या निपाणीच्या वाचकास ही मोठीच सोय होय. परंतु पैसे मोजून हाती येतो तो ग्रंथ नव्हे, तर वाचण्याचा परवाना. मजकुरावर पुष्कळदा सांकेतिक कुलूप असते. ठरावीक खात्यावाचून तो उघडत नाही. यंत्र आमचे, पण हुकूम पाळते विक्रेत्याचा! जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या, त्या विक्रीस ठेवणाऱ्याजवळ हक्क नव्हते म्हणून, ग्राहकांच्या यंत्रांतून दुरूनच काढून घेतल्या. पैसे परत दिले हे खरे. पण कोणता पुस्तकविक्रेता घरात शिरून कपाटातले पुस्तक उचलतो आणि तेथे पैसे ठेवून जातो?

आमचा कायदा ह्याबाबत काय म्हणतो? २०१२ च्या दुरुस्तीने त्यात ६५-अ हे कलम आले. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. तथापि कायद्याने मनाई न केलेल्या कामासाठी ते उघडण्यास मोकळीक आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याहून हे कलम उदार आहे, हे मान्य केलेच पाहिजे. दोष असा की, मोकळीक दिली, किल्ली दिली नाही. अंध वाचकासाठी सुलभ प्रत करण्याचा हक्क ५२ व्या कलमात आहे. साने गुरुजी १९५० साली निवर्तले. साठ वर्षांची मुदत संपून त्यांचे लेखन २०११ पासून सर्वांचे झाले. पण त्याच लेखनाच्या ई-प्रतीवर कोणी कुलूप घातले, तर सामान्य वाचकाने ते उघडावे कसे? जाणकाराचे साहाय्य घ्यावे, तर त्याने साहाय्य घेणाऱ्याचे नाव-पत्ता नोंदवून ठेवावा अशी अट! जो हक्क बजावण्यास तंत्रज्ञ शोधावा लागतो, तो वाचकाच्या दृष्टीने कागदावरचाच राहतो.

लेखकास मोबदला मिळालाच पाहिजे. चोरीचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु कुलूप घालणाऱ्यावर, कायदेशीर कामासाठी किल्ली देण्याचे कर्तव्यही लादले पाहिजे. शिवाय, नुसता परवाना देऊन त्यास 'विक्री' म्हणण्याची मुभा नसावी. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली ह्या दिशेने कायदा केलाच आहे. असे न झाले, तर आमच्या पश्चात वाचनालयास अर्पण करण्याजोगे एकही पुस्तक आमच्या घरी निघणार नाही.