भरवशाची भाषा : ना. वा. टिळक आणि पंडिता रमाबाई

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार करताना आपली समीक्षा बहुधा एकाच प्रश्नापाशी घोटाळते : हे साहित्य कितपत ‘आपले’ आहे? या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले की लेखकाला परंपरेत स्थान मिळते. नकारार्थी आले की तो धर्मप्रसाराच्या इतिहासात जमा होतो. या व्यवहारात श्रद्धेचा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहतो. राष्ट्रीय आणि सांस्कृतिक उलथापालथीत ईश्वरावर भरवसा टाकणे म्हणजे काय आणि तो भरवसा कोणत्या भाषेत उभा राहतो, हा मूलतः वाङ्मयीन प्रश्न आहे. नारायण वामन टिळक (मृत्यू १९१९) आणि पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी त्याची जी दोन भिन्न उत्तरे दिली, ती शेजारी ठेवून पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

दोघांची पार्श्वभूमी समान आहे. दोघेही ब्राह्मण कुळात जन्मलेले, संस्कृतविद्येत मुरलेले. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत. मधल्या काळात, १८९३ साली, शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो या आक्षेपावरून पुण्यात वादळ उठले आणि रानडे-भांडारकरांसारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्याच सुमारास गणेशोत्सव आणि शिवजयंती यांना सार्वजनिक रूप येत होते. राष्ट्रभावना धर्मप्रतीकांतून आकार घेत होती. पाठोपाठ १८९६-९७ चा दुष्काळ आणि प्लेग आला. राज्यकर्त्यांचा धर्म स्वीकारलेल्या माणसाकडे अशा काळात देशबांधव संशयाने पाहत आणि मिशनरी त्याच्याकडून आज्ञाधारकपणाची अपेक्षा करीत. अशा व्यक्तीचा ईश्वरावरील भरवसा खाजगी राहूच शकत नव्हता. त्याची भाषा निवडणे म्हणजेच समाजातील आपली जागा निवडणे होते.

टिळकांनी वारकरी संतांची भाषा निवडली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, या आशयाचे त्यांचे उद्गार सर्वपरिचित आहेत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त गुरू होतो, माउली होतो, सखा होतो. येथे केवळ छंद उसना घेतलेला नाही. भक्त आणि देव यांच्यातील सलगी, रुसवा, हट्ट, शरणागती हा सगळा भावव्यवहार अभंगाच्या रचनेत आधीच मुरलेला असतो. नव्या श्रद्धेला तो आयता लाभला आणि ‘परधर्मा’तील देवाशी घरच्या बोलीत बोलणे शक्य झाले. धर्म बदलला तरी देश सुटला नाही, हे टिळकांना वेगळे सिद्ध करावे लागले नाही. त्यांची शब्दकळाच ते सिद्ध करीत होती. त्यांच्या देशभक्तिपर कविता आणि भजने यांना दोन स्वतंत्र दालनांत ठेवणारी समीक्षा म्हणूनच अपुरी वाटते. दोन्हींमागे एकच धारणा आहे : ज्याच्यावर भार टाकला त्याला ही भूमी परकी नाही.

टिळकांचा भरवसा निव्वळ सांत्वनपर नव्हता, याची साक्ष त्यांच्या अखेरच्या पर्वात मिळते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तानुयायी तीत एकत्र येऊ शकत होते. अभंगातील निष्कांचन भक्ताची भूमिका त्यांनी आयुष्यात उतरवली. भाषेतील सातत्यानेच त्यांना संस्थेशी फारकत घेण्याचे बळ दिले, असे म्हणता येईल.

रमाबाईंची वाट येथून वेगळी होते. भरवसा तुटण्याचा अनुभव त्यांना लहान वयात आला होता. पुराणे सांगत तीर्थयात्रा करणारे त्यांचे कुटुंब १८७० च्या दशकातील दुष्काळात उपासमारीला सामोरे गेले. जवळचे द्रव्य व्रते, दाने आणि अनुष्ठाने यांत संपले आणि थोड्या अवधीत आई, वडील, बहीण मरण पावली. पुढे आत्मकथनात हा काळ सांगताना रमाबाई आईवडिलांच्या श्रद्धेची टवाळी करीत नाहीत. ती श्रद्धा किती संपूर्ण होती हेच सांगतात. म्हणूनच त्या कथनाला धार येते. टिळकांना वारशाने मिळालेली धर्मभाषा आधार वाटली. रमाबाईंनी त्याच भाषेच्या छत्राखाली आपली माणसे गमावली होती, आणि शास्त्रे वाचताना स्त्री-शूद्रांसाठी तिच्यात काय लिहून ठेवले आहे हेही पाहिले होते.

याचा अर्थ त्यांनी एक अधिकार टाकून दुसरा निमूट स्वीकारला असा नव्हे. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्या त्रैक्याच्या सिद्धान्तावर आणि चर्चच्या आज्ञेवर सतत प्रश्न उपस्थित करतात. सद्सद्विवेक आपल्याला ईश्वराने दिला आहे, तो कोणाकडे गहाण टाकण्यासाठी नाही, अशी त्यांची एकूण भूमिका दिसते. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेग-व्यवस्थेत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर त्यांनी जाहीरपणे टीका केली आणि सरकारचा रोषही ओढवून घेतला. सनातनी समाज, चर्च आणि सरकार या तिन्ही सत्तांपुढे त्या जो भरवसा घेऊन उभ्या राहिल्या, त्याला कोणत्याही समूहाचे पाठबळ नव्हते.

या भरवशाचे वाङ्मयीन रूप म्हणजे त्यांचे बायबल-भाषांतर. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात ते सिद्धीस नेले; संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाला. प्रचलित भाषांतरांतील संस्कृतप्रचुर, वेदान्ताची छाया असलेले शब्द त्यांना नको होते. केडगावच्या मुक्ती सदनातील नुकत्याच साक्षर झालेल्या स्त्रियांना कळेल असे मराठी त्यांना हवे होते. संस्कृत पांडित्यासाठी गौरवल्या गेलेल्या विदुषीने संस्कृताचा असा त्याग करावा, यामागे वाङ्मयीन आणि नैतिक असा दुहेरी निर्णय होता. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलीला देवाशी बोलण्यासाठी आधी पंडिताची भाषा शिकावी लागू नये, हे त्याचे मर्म.

आता मूल्यमापनाचा प्रश्न. ‘देशीयता’ हा निकष मराठी समीक्षेने गेल्या काही दशकांत आग्रहाने मांडला आहे. त्यानुसार टिळक सहज उत्तीर्ण होतात. रमाबाई धर्मांतरित समाजसुधारक म्हणून उरतात आणि त्यांच्या भाषांतराची साहित्यविचारात क्वचितच दखल घेतली जाते. या निकषात एक गृहीत दडलेले आहे : परंपरेचे सातत्य सर्वांना सारखेच उपलब्ध असते. ते तसे नसते. ज्याला देवळात प्रवेश आहे त्याला देवळाची भाषा घरची वाटते. विधवेला, दुष्काळात टाकून दिलेल्या मुलीला ती तशी वाटेलच असे नाही. शिवाय ज्या साध्या बोलीकडे रमाबाई वळल्या तीही याच मातीची होती. देशी म्हणजे संतांची परिभाषा, एवढाच अर्थ आपण धरला तर देशीयतेचे क्षेत्र आपणच आक्रसून टाकतो.

यावर एक आक्षेप संभवतो. टिळकांची पदे महाराष्ट्रातील मंडळ्यांमध्ये आजही गायली जातात. रमाबाईंचे भाषांतर सर्वमान्य झाले नाही. समूहाच्या स्मृतीशी नाते तोडलेली भाषा लोकांच्या ओठी बसत नाही, हा यातील सत्यांश मान्य केलाच पाहिजे. अभंगाच्या मागे शतकांचे गायन आहे. सोप्या गद्याला ते बळ नसते. पण लोकप्रियता ही भरवशाच्या खोलीची मोजपट्टी होऊ शकत नाही. भोवतालची चौकट ढासळत असताना टिळकांनी देवावरील भार जुन्या शब्दांनी उचलला. रमाबाईंनी ते शब्द खाली ठेवून तो उचलला. दुसऱ्या कृतीत एकाकीपणा अधिक आहे आणि जोखीमही.

श्रद्धेचे साहित्य वाचताना ते किती ओळखीचे वाटते एवढेच आपण तपासत राहिलो, तर ज्यांच्या दृष्टीने ओळखीचे जगच संकटाचे मूळ होते त्यांचा आवाज आपल्याला ऐकू येणार नाही. टिळक आणि रमाबाई यांना एकत्र वाचण्याची निकड येथे आहे. एकाच्या अभंगाचे माधुर्य आणि दुसरीच्या गद्याचा कोरडेपणा हे एकाच काळाच्या ताणातून आले आहेत, आणि त्या कोरडेपणाची कारणमीमांसा करणे हे मराठी समीक्षेचे राहून गेलेले काम आहे.