नवागताचे पात्र : दैव, परीक्षा आणि निवड

महाजालावरील अद्‌भुतरम्य भूमिकाक्रीडांत एक प्रसंग साहित्यविचाराच्या दृष्टीने विशेष चिंतनीय आहे. तो म्हणजे खेळात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या नवागताने आपले पात्र घडविण्याचा. कादंबरीच्या वाचकाला पात्र सिद्ध स्वरूपात मिळते. नटाला ते संहितेतून मिळते. येथे मात्र कथानकाचा आरंभ होण्यापूर्वीच, त्या कथानकाची काहीही माहिती नसताना, नायक कोण असावा हे नवागताला ठरवावे लागते. या कृतीला ‘पात्रनिर्मिती’ म्हणण्याचा प्रघात आहे. ती खरोखर निर्मिती आहे काय, हा प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न होय.

या प्रथेचे मूळ मेजावरच्या खेळात सापडते. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ मधील खेळात पात्राचे बल, बुद्धी, विवेक, काटकपणा, चपळाई व प्रभाव हे सहा गुण तीन फाशांच्या बेरजेने ठरत. तीन फाशांची २१६ दाने पडू शकतात. त्यांपैकी अठरा हे सर्वोच्च दान एकच, तर दहा किंवा अकरा ही मध्यम दाने मिळून ५४. अर्थात बहुतेक पात्रे सामान्य वकुबाची निघत आणि त्या सामान्यत्वातूनच खेळाडूला मार्ग काढावा लागे. येथे पात्र निर्माण केले जात नव्हते, ते वाट्याला येत होते. या पद्धतीत कठोरता होती, पण लपवाछपवी नव्हती. दैवाला तेथे दैवच म्हटले जाई.

रिचर्ड गॅरियट यांच्या १९८५ मधील ‘अल्टिमा ४’ या संगणकीय खेळाने फाशांची जागा प्रश्नांना दिली. एक भविष्य सांगणारी स्त्री नवागताला सात नैतिक पेच घालते. प्रत्येक पेचात दोन सद्‌गुणांपैकी एकाची निवड करावयाची असते आणि आठ सद्‌गुणांतून अखेर जो उरतो, त्यावरून पात्राचा व्यवसाय ठरतो. शौर्य उरले तर योद्धा, करुणा उरली तर भाट, आणि विनम्रता उरली तर मेंढपाळ. हा मेंढपाळ आरंभी सर्वांत दुर्बळ असतो. विनम्रतेचे पारितोषिक म्हणून सामर्थ्य द्यावयाचे नाही, हा निर्णय रचनाकाराच्या नैतिक जाणिवेची खूण मानला पाहिजे. शिवाय या खेळात ‘अवतार’ ही आरंभीची अवस्था नसून अखेरची सिद्धी आहे. आठही सद्‌गुण आचरणात उतरल्यावरच ते पद लाभते. पुढे हाच संस्कृत शब्द खेळाडूच्या पडद्यावरील कोणत्याही आकृतीला सरसकट लावला जाऊ लागला. पुराणांतील अवतार सर्वज्ञाचा असतो. नवागताचा ‘अवतार’ अज्ञाचा असतो. शब्द तोच राहिला, पण अर्थ उलटला.

२००४ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झालेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात दैव आणि परीक्षा दोन्ही मागे पडून निवडीचे राज्य आले. आरंभी त्यात दोन पक्ष, आठ वंश व नऊ वर्ग होते. नवागताने वंश, लिंग व वर्ग निवडावा, मग त्वचेचा वर्ण, चेहरा, केशरचना ठरवावी आणि शेवटी नाव द्यावे, असा क्रम होता. वरवर पाहता हे स्वातंत्र्य मोठे वाटते. परंतु कोणत्या निवडीचा परिणाम किती, हे तपासले असता एक विसंगती दिसते. केस आणि चेहरा यांच्या निवडीला पर्याय पुष्कळ, पण खेळाच्या ओघावर त्यांचा परिणाम शून्य. उलट पक्षाची निवड एका क्षणात होई आणि संभाषण कोणाशी करता येईल हेच तिने ठरे. कारण विरुद्ध पक्षाच्या पात्राचे बोलणे परक्या भाषेतील निरर्थक अक्षरे होऊन समोर येई. जी निवड सर्वांत दूरगामी, तीच सर्वांत अल्प माहितीवर करावी लागते.

जीवनातही माणूस अज्ञानातच जन्म घेतो, मग खेळाला दोष का द्यावा, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. परंतु जीवन जन्माला ‘निवड’ म्हणत नाही. अज्ञानात घेतलेल्या निर्णयाला निवडीचे नाव दिले की त्याच्या परिणामांचे उत्तरदायित्व नकळत नवागतावर येते. फाशांच्या खेळात दुर्बळ पात्राचा खेळाडू दैवाला बोल लावू शकत असे. येथे तो स्वतःलाच बोल लावतो. याला पर्याय नव्हता असेही नाही. त्याच महिन्यात आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट २’ मध्ये नवागताला प्रथम योद्धा, टेहळ्या, जादूगार व पुरोहित यांपैकी एक ढोबळ प्रकार घ्यावा लागे. वर्ग दहाव्या पातळीला आणि उपवर्ग विसाव्या पातळीला ठरे. अनुभवानंतर निवड, हा त्यामागील विचार होता. पुढे ही पद्धत सोडून देण्यात आली, ही खेदाची गोष्ट म्हटली पाहिजे.

वंशाचा प्रश्न याहून गंभीर आहे. १९७४ च्या नियमांत ड्वार्फ वंशाच्या पात्राला योद्ध्याखेरीज दुसरा वर्ग नव्हता आणि सहाव्या पातळीपुढे वाढ नव्हती. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये नोम वंशाला बुद्धिगुणात पाच टक्के वाढ जन्मतःच मिळे, तर मानवाला शिकारी होण्याची मुभा २०१० पर्यंत नव्हती. जन्मावरून व्यवसाय आणि जन्मावरून बुद्धी ठरविणारा हा नियम मराठी वाचकाला केवळ अद्‌भुताचा भाग वाटणार नाही. तशा नियमाखाली पिढ्यान्‌पिढ्या भरडल्या गेलेल्या समाजाचा इतिहास त्याच्या परिचयाचा आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०२० मधील पुरवणी ग्रंथाने वंशाशी बांधलेली गुणवृद्धी अन्यत्र वळविण्याची मुभा दिली आणि २०२४ च्या नियमग्रंथाने ती पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडून ‘वंश’ हा शब्दही बदलला. या बदलाने वैचित्र्य उणावते, ही तक्रार टिकणारी नाही. भाषा, देश, स्मृती व चालीरीती यांतून वंशांचे वेगळेपण अबाधित राहू शकते; त्यासाठी बुद्धीची वाटणी जन्मावर करण्याचे कारण नाही.

मूळ प्रश्नाकडे वळताना न. चिं. केळकर यांच्या विचाराचे साहाय्य होते. १९२१ च्या बडोदे येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. स्वतःची भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरण्यात वाङ्मयानंद आहे, हे तिचे सार. या समाधीला ‘दुसरा’ अस्तित्वात असावा लागतो. पात्रनिर्मितीच्या क्षणी तो नसतो. असते ती एक रिकामी आकृती. म्हणूनच नवागत तेथे प्रवेश करू शकत नाही, केवळ स्वतःला सजवू शकतो. केशरचनेवर तो घटकाघटका रेंगाळतो, याचे कारणही बहुधा हेच असावे.

‘दुसरा’ अवतरतो तो नंतर. मानव पात्र खेळाच्या जगात उभे राहते, पहिल्या झुंजीत कदाचित मरते, एखादा अनोळखी सहखेळाडू त्याच्या मदतीला धावतो, ते पात्रही कोणाच्या तरी मदतीला धावते किंवा धावत नाही. या कृतींतून त्याला शील येते, आणि तेव्हाच खेळाडूला ‘हा मीच, आणि तरीही मी नव्हे’ असा अनुभव घेता येतो. १९९७ च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ने हे तत्त्व नियमांतच आणले होते. त्यात बंदिस्त वर्ग नव्हते. जे कौशल्य वापरावे ते वाढे, आणि लोहार हा लोहारकाम करूनच लोहार होई.

तात्पर्य, आरंभीच्या पडद्यावर जे घडते ती पात्राची निर्मिती नव्हे, नोंदणी होय. दैवाने, परीक्षेने वा निवडीने पात्राला केवळ प्रवेश मिळतो. व्यक्तित्व मिळते ते आचरणाने. जो खेळ नवागताला हे समजण्यास अवकाश देतो आणि अज्ञानात टाकलेले पाऊल मागे घेण्याची वाट ठेवतो, तोच कलादृष्ट्या अधिक परिपक्व मानावा लागेल. पर्यायांच्या संख्येवरून स्वातंत्र्य मोजणारी समीक्षा या क्षेत्रात फार दूर जाणार नाही.