निसर्गाचे चक्र आणि ‘बनगरवाडी’

आपल्या ललित वाङ्मयात निसर्गाविषयी लिहिताना ‘चक्र’ हा शब्द इतक्या सहजपणे येतो की, त्याची परीक्षा करावी असे कोणाच्या मनातही येत नाही. ऋतूंचे चक्र, पर्जन्याचे चक्र, आणि त्याच ओघात जीवमात्रास पोसणारी शक्तीही चक्राकार फिरते, असा एक सुखद समज रूढ होऊन बसला आहे. द्रव्यापुरता तो खरा आहे. पानातील नत्र मातीत जाते व मातीतून पुन्हा पानात येते. शक्तीची गोष्ट मात्र निराळी. सूर्यप्रकाशातून हिरव्या पानाने साठविलेली शक्ती गवतातून मेंढरात व मेंढरातून लांडग्यात जाते खरी. परंतु प्रत्येक पायरीवर तिचा बहुतेक भाग श्वसनात व हालचालीत खर्च होऊन उष्णतेच्या रूपाने निघून जातो, तो माघारी येत नाही. रेमंड लिंडमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एका लहानशा तळ्याचा जमाखर्च मांडून हा विचार दृढ केला. त्याचा निबंध १९४२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा तो हयात नव्हता. त्यास सत्तावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ढोबळ मानाने दहावा हिस्साच वरच्या पायरीस पोहोचतो. म्हणूनच रानात गवत उदंड, मेंढरे थोडी आणि लांडगे विरळा.

या दृष्टीने व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) पुन्हा वाचावी. तिच्यातील प्रादेशिकतेचे व संयत शैलीचे कौतुक पुष्कळ झाले आहे, व ते यथार्थच आहे. परंतु तिच्या रचनेचे मर्म याहून खोल आहे. पाऊस ओढ घेतो, गवत उगवत नाही, मेंढरे खंगतात, धनगर वाडी सोडतात आणि शेवटी शाळा ओस पडते. हा क्रम लेखकाने शोभेसाठी योजलेला नाही. शक्तीच्या वाटेवरील तो अपरिहार्य क्रम आहे. मास्तर सर्वांत शेवटी निघतो, कारण त्याचे अस्तित्व सर्वांत वरच्या पायरीवर, म्हणजे सर्वांत अधिक पराधीन आहे. शेकूची बायको बैलाच्या जोडीस स्वतः जुंपून घेते, तो प्रसंग करुण म्हणून सर्वांच्या स्मरणात राहतो. पण तेथेही हिशेब चुकत नाही: पशूच्या अंगचे बळ अपुरे पडले की, ती उणीव माणसाच्या देहातूनच भरून काढावी लागते.

तथापि एक उणीव नोंदविणे प्राप्त आहे. कादंबरी वेशीपाशी थांबते. वाडी सोडून गेलेल्यांचे बळ पुढे कोठे खर्ची पडले, याचा शोध ती घेत नाही. धारूरच्या वाचकास ही उणीव विशेष जाणवते. बालाघाटाच्या या उथळ मातीच्या डोंगरांवर पावसाळ्यात चढणारी हिरवळ लवकरच पिवळी पडते, आणि दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे कोयते घेऊन ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या वाटेस लागतात. सूर्याची शक्ती साठविण्यात उसाची बरोबरी करणारी पिके थोडीच. परंतु तो ऊस तोडून, मोळ्या बांधून गाडीवर चढविणारे बळ भाकरीवर पोसलेल्या देहांतूनच येते. मजुरी घेऊन माणसे परततात, उचल फिटते किंवा फिटत नाही. देहातून गेलेले बळ मात्र कोणत्याही चक्रातून परत येत नाही. ज्यांची मुले या काळात फडावर असतात, त्यांच्या गावची शाळाही मग काही अंशी बनगरवाडीचीच होते.

चक्राची कल्पना मनास दिलासा देते, म्हणून ती आपल्या लेखकांस प्रिय असावी. जे गेले ते येणारच असेल, तर कोणाचे किती गेले, हे विचारण्याचे प्रयोजनच उरत नाही. ओघाची कल्पना तो प्रश्न विचारावयास भाग पाडते. माडगूळकरांनी दुष्काळाच्या एका वर्षापुरता तो हिशेब निष्ठेने मांडला. वेशीच्या पलीकडचा हिशेब मांडणारी कादंबरी जो लिहील, त्यास या डोंगरांत विषयाची वाण पडणार नाही.