ड्रोन उडवणाऱ्याचा ठावठिकाणा

ड्रोन म्हटले की वरून आपल्याला कोणी पाहत असेल, ही शंका प्रथम येते. जर्मनीतील बोखुमचे रूर विद्यापीठ आणि सारब्रुकेनची सिस्पा ही संस्था यांतील संशोधकांनी 2023 साली सादर केलेला निबंध उडवणाऱ्याच्या बाजूने विचार करतो. डीजेआय या चिनी कंपनीचे ड्रोन उडताना ‘ड्रोनआयडी’ नावाचा रेडिओसंदेश सोडतात. त्यात ड्रोनचा अनुक्रमांक व स्थान असतेच, शिवाय उडवणारा कोठे उभा आहे तेही असते. संदेश सांकेतिक लिपीत असतो असे कंपनीने 2022 मध्ये सांगितले आणि पुढे ते मागे घेतले. संशोधकांनी शब्दाला शब्द न लावता संदेश हवेतूनच टिपला, उलगडला आणि तो उघडा असल्याचे दाखवले. वर यंत्रणेतील 16 दोषही शोधले. विज्ञानाची ही रीत आम्हाला फार आवडली.

अक्षांशाचा एक अंश सुमारे 111 किलोमीटरचा. म्हणजे दशांशचिन्हापुढचे पाचवे स्थळ जवळजवळ एका मीटरचे. (भूगोलाच्या तासाला हे गणित जरूर द्यावे.) जीपीएसची चूक काही मीटर धरली, तरी माणूस कोणत्या बांधावर आहे ते कळतेच.

मात्र संदेशाला कुलूप नव्हते यावर निबंधाने दिलेला भर आम्हाला अपुरा वाटतो. कुलूप असते तरी किल्ली कोणाकडे राहिली असती? हा संदेश वाचणारे ‘एरोस्कोप’ यंत्र कंपनी सुरक्षायंत्रणांना विकतच होती. अमेरिकेत तर ‘रिमोट आयडी’च्या नियमाने जवळपास हीच माहिती उघडपणे प्रक्षेपित करणे बंधनकारक आहे. अनुक्रमांकाऐवजी तात्पुरता क्रमांक देण्याची सोय त्यात आहे, पण उडवणाऱ्याचे स्थान लपत नाही. या नियमाची तुलना मोटारीच्या नंबरप्लेटशी केली जाते. ती आम्हाला लंगडी वाटते. नंबरप्लेटवरून मालक शोधायला परिवहन कार्यालयात जावे लागते. इथे वाटेवरच्या कोणालाही माणूस थेट सापडतो.

या नियमाला दिलेले आव्हान वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने 2022 मध्ये फेटाळले. ड्रोन बहुधा उघड्यावरच उडवतात, तेव्हा तेथे खाजगीपणाची अपेक्षा रास्त नाही, असे कारण दिले. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसणे वेगळे आणि भिंतीपलीकडच्या अनोळखी माणसाच्या मोबाइलवर उमटणे वेगळे. अंगणातून ड्रोन उडवणाऱ्याचे ते स्थान म्हणजे त्याचे घरच.