गोड गोळी आणि दोन फूटपट्ट्या

14 जुलै 2023 रोजी जागतिक आरोग्य संघटनेशी संबंधित दोन तज्ज्ञगटांनी अ‍ॅस्पार्टेमबद्दल एकाच दिवशी निष्कर्ष जाहीर केले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, म्हणजे आयएआरसी, म्हणाली की हा पदार्थ माणसात 'कदाचित कर्करोगकारक' असू शकतो. अन्नातल्या मिश्रकांची तपासणी करणारी जेक्फा ही समिती म्हणाली की रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे 40 मिलिग्रॅम होती, ती तशीच राहू द्या. ही बातमी दोन आठवडे आधीच फुटली होती, त्यामुळे अधिकृत निवेदन येईपर्यंत लोकांनी आपापली मतं बनवून टाकली होती.

त्याच सुमारास आमच्या जर्नल क्लबमध्ये हा विषय निघाला. मी ऐटीत म्हणालो, "सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. विषय संपला." आमच्या मार्गदर्शक बाईंनी शांतपणे विचारलं, "बरं. मग हे सुरक्षित आहे असं सांगणारे अभ्यास तू कोणत्या फूटपट्टीने मोजलेस?" मी ते मोजलेच नव्हते. आजची पोस्ट त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. तुम्ही पीएचडीच्या मुलाखतीची किंवा पहिल्या लिटरेचर रिव्ह्यूची तयारी करत असाल, तर हा प्रश्न तुमच्याही वाट्याला येणार आहे. तेव्हा आत्ताच त्याच्याशी झटापट केलेली बरी.

दोन संस्था, दोन प्रश्न

आधी सोपा गोंधळ निस्तरू. कठडा नसलेली विहीर धोकादायक असते का? असते. पण तुमच्या मुलाला तिच्यापासून किती धोका आहे, हे ती घरापासून किती लांब आहे आणि तो तिकडे किती वेळा जातो यावर ठरतं. पहिला प्रश्न घातकतेचा आहे, दुसरा जोखमीचा. आयएआरसी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते: एखाद्या पदार्थात कर्करोग घडवण्याची क्षमता आहे असं म्हणायला पुरावा किती भक्कम आहे? किती खाल्लं तर किती धोका, हे ती सांगत नाही. म्हणून तर तंबाखू आणि प्रक्रिया केलेलं मांस तिच्या पहिल्या गटात शेजारी बसतात. पुरावा दोन्हीकडे भक्कम आहे, धोका मात्र सारखा नाही. अ‍ॅस्पार्टेम ज्या 2बी गटात गेलं, तिथे कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. जेक्फा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते: रोज किती मात्रा आयुष्यभर पोटात गेली तरी चिंता नाही?

म्हणजे दोघांची उत्तरं एकमेकांना छेद देत नाहीत. इथपर्यंतचं बहुतेक स्पष्टीकरणांत आलं होतं. बरेच जण इथेच थांबले. माझी तक्रार इथून पुढे सुरू होते.

पहिली फूटपट्टी: 'धोका आहे' या बाजूवर

आयएआरसीने माणसांतला 'मर्यादित' पुरावा धरला तो यकृताच्या कर्करोगाबाबत, आणि त्याचा आधार मुख्यतः तीन अभ्यास होते. या अभ्यासांत मोजलं काय गेलं, हे बघा. अ‍ॅस्पार्टेम नव्हे, कृत्रिम गोडी असलेली पेयं. अमुक वर्षी, अमुक देशातल्या डाएट पेयात बहुधा अ‍ॅस्पार्टेम असणार, असं धरून पुढे जायचं. ही बदली मोजणी आहे. ती चालते, पण तिची किंमत मोजावी लागते.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. डाएट पेय कोण पितं? ज्याचं वजन वाढलंय, ज्याला डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितलीय, ज्याला मधुमेह झालाय किंवा होऊ घातलाय. आणि लठ्ठपणा आणि मधुमेह यांनी यकृताच्या कर्करोगाचा धोका तसाही वाढतो. म्हणजे पेयामुळे आजार, की आजाराच्या वाटेवर असल्यामुळे पेय? संशोधक सांख्यिकीने हे वेगळं काढायचा प्रयत्न करतात, पण जे मोजलंच नाही ते वेगळं काढता येत नाही.

फ्रान्सचा न्यूट्रीनेट-सांते अभ्यास (2022) यातली पहिली अडचण बरीच कमी करतो. त्यात 1,02,865 प्रौढांनी चोवीस तासांत काय खाल्लं-प्यायलं ते ब्रँडच्या नावासकट नोंदवलं, त्यामुळे कोणता गोडवा किती, याचा अंदाज लागला. अ‍ॅस्पार्टेम जास्त घेणाऱ्यांत कर्करोगाचा धोका, अजिबात न घेणाऱ्यांच्या तुलनेत, 1.15 पट निघाला. 95 टक्के विश्वासमर्यादा 1.03 ते 1.28.

हा आकडा वाचायला शिका. सुमारे आठ वर्षांत या गटात 3,358 जणांना कर्करोग झाला, म्हणजे हजारी साधारण 33. याच्या 15 टक्के म्हणजे हजारात आणखी पाच जण. तेही हा संबंध खरोखर कारणाचा असेल तर. पाच ही संख्या क्षुल्लक नाही आणि भयंकरही नाही. शिवाय मर्यादेचं खालचं टोक 1.03, म्हणजे 'काहीच फरक नाही' याला जवळजवळ चिकटलेलं. सहभागी स्वयंसेवक होते आणि त्यात तीन चतुर्थांशांहून जास्त महिला. एवढं सगळं बघून मी म्हणेन: हा अभ्यास चांगला आहे, आणि एकट्याने काही सिद्ध करायला पुरेसा नाही. दोन्ही वाक्यं एका श्वासात म्हणता आली पाहिजेत.

तीच फूटपट्टी, आता 'सुरक्षित आहे' या बाजूवर

आता फूटपट्टी उलटीकडे नेऊ. माझं जर्नल क्लबमध्ये जे राहून गेलं ते हेच.

40 मिलिग्रॅम हा आकडा कुठून आला? उंदरांना दर किलोमागे रोज 4,000 मिलिग्रॅमपर्यंत देऊनही हानी दिसली नाही, त्याला 100 ने भागलं. दहा पट सूट प्राणी-माणूस फरकासाठी, आणखी दहा पट माणसामाणसातल्या फरकासाठी. ही शंभरची संख्या निसर्गाने दिलेली नाही. तो समंजस, सावध संकेत आहे. संकेत असण्यात वाईट काही नाही, पण आपण त्याला मोजमाप समजू नये.

निवेदनात उदाहरण दिलं होतं: 70 किलो वजनाच्या माणसाला मर्यादा ओलांडायला दिवसाला 9 ते 14 कॅन लागतील. गणित बरोबर आहे. 70 गुणिले 40 म्हणजे 2,800 मिलिग्रॅम, आणि एका कॅनमध्ये 200 ते 300 धरले. पण हेच 20 किलोच्या मुलासाठी करा. 800 मिलिग्रॅम, म्हणजे तीन ते चार कॅन. कुठलंही मूल रोज इतकं पितं असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, उदाहरणासाठी कोणतं शरीर निवडलं हाही एक निर्णय असतो, आणि 'चौदा कॅन' हे ऐकून हसू येतं तसं 'तीन कॅन' ऐकून येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2013 मध्ये अ‍ॅस्पार्टेमचं मोठं पुनर्मूल्यांकन करून तेच 40 कायम ठेवलं. 2019 मध्ये ससेक्स विद्यापीठाच्या एरिक मिलस्टोन आणि एलिझाबेथ डॉसन यांनी त्या मूल्यांकनाचंच मूल्यांकन केलं. त्यांची मोजणी अशी: हानीकडे बोट दाखवणारे 73 अभ्यास होते आणि समितीने ते सगळेच्या सगळे अविश्वसनीय ठरवले. हानी न दाखवणारे बहुतेक अभ्यास मात्र विश्वसनीय धरले.

हे वाचून 'बघा, विकले गेलेत!' असं म्हणायची घाई करू नका. 73 पैकी 73 बाद, एवढ्यावरून पक्षपात सिद्ध होत नाही. ते अभ्यास खरोखरच कच्चे असू शकतात. उदाहरणार्थ, इटलीतल्या रामाझ्झिनी संस्थेच्या उंदरांवरच्या प्रयोगात जे लिम्फोमा दिसले, त्यांचा संबंध त्या उंदरांतल्या श्वसनसंसर्गाशी असू शकतो असा आक्षेप प्राधिकरणाने घेतला. हे कारण ठोस आहे, ते तपासता येतं. खरा प्रश्न पुढचा: ज्या दोषासाठी एक अभ्यास बाद केला, तोच दोष असलेला दुसरा अभ्यास, केवळ त्याचा निकाल सोयीचा म्हणून, आत घेतला का? मिलस्टोन-डॉसन यांचं टोचणं हेच आहे, आणि ते 'कंपन्यांनी पैसे दिले' या आरोपापेक्षा कितीतरी जड आहे. कारण ते कागदपत्रं समोर ठेवून पडताळता येतं किंवा खोडता येतं. हेतूंवर वाद घातला तर आयुष्यभर घालता येईल.

विश्वास तुटतो कुठे?

लोकांना विज्ञान कळत नाही म्हणून ते नियामकांवर विश्वास ठेवत नाहीत, असं आपल्या वर्तुळात सर्रास बोललं जातं. अ‍ॅस्पार्टेमचा इतिहास बघितला तर हे बोलणं आळशी वाटतं. अमेरिकेच्या एफडीएने 1974 मध्ये परवानगी दिली. आक्षेप आले, आणि सर्ल या उत्पादक कंपनीच्या प्रयोगांच्या दर्जाविषयी शंका निघाल्या. 1975 मध्ये परवानगी स्थगित झाली. 1980 मध्ये बाहेरच्या शास्त्रज्ञांच्या चौकशी मंडळाने मेंदूतल्या गाठींबाबत आणखी अभ्यास होईपर्यंत मंजुरी नको असं म्हटलं. 1981 मध्ये नव्या आयुक्तांनी तो सल्ला बाजूला ठेवून मंजुरी दिली. त्या वेळी कंपनीचे प्रमुख होते डोनाल्ड रम्सफेल्ड, जे आधी अमेरिकेचे संरक्षणमंत्री होते आणि पुढे पुन्हा झाले. 1987 मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने निष्कर्ष काढला की एफडीएने ठरलेली प्रक्रिया पाळली होती.

हे शेवटचं वाक्य परत वाचा. प्रक्रिया पाळली गेली होती, तरीही संशय चाळीस वर्षं पुरला. नियम पाळणं आणि निर्णयाची कारणं पटतील अशी उलगडून दाखवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उलट उदाहरण सॅकरिनचं. उंदरांच्या मूत्राशयात गाठी दिसल्या म्हणून 1977 मध्ये एफडीएने त्यावर बंदी प्रस्तावित केली. अमेरिकी काँग्रेसने बंदी रोखली आणि त्याऐवजी डब्यांवर इशारा छापायला लावला. पुढे संशोधकांनी यंत्रणा शोधली: प्रचंड मात्रेत उंदराच्या मूत्रात बारीक स्फटिक साचतात, ते मूत्राशयाचं अस्तर खरवडतात. माणसाच्या मूत्राची घडण वेगळी, तिथे हे घडत नाही. 2000 साली सॅकरिन कर्करोगकारकांच्या यादीतून बाहेर आलं. इथे मत बदललं, आणि का बदललं ते पायरीपायरीने दाखवता आलं. संस्थेने मत बदलणं ही कमजोरी नसते. कारण न देता बदलणं, किंवा कारण न देता न बदलणं, ही असते.

तुमच्या टेबलावर

पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा तीन गोष्टी करा. तो कोणता प्रश्न विचारतो, घातकतेचा की जोखमीचा, ते समासात लिहा. त्यातला सगळ्यात मोठा दोष एका वाक्यात लिहा. आणि मग ज्या अभ्यासाचा निकाल तुम्हाला आवडतो तो उघडून तोच दोष तिथे आहे का ते बघा. ही तिसरी पायरी कंटाळवाणी असते, आणि नेमकी तीच आपण टाळतो.

माझी मधुमेही मावशी अजून विचारते, "अरे, गोळ्या घेऊ की नको?" तिला कोणीतरी सांगितलं होतं की आरोग्य संघटनेने मे 2023 मध्ये या गोड्यांना नको म्हटलंय. म्हटलंय खरं, पण वजन आटोक्यात ठेवण्यासाठी वापरू नका असं, आणि ती शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही असं त्याच मजकुरात लिहिलंय. तेवढं वाक्य तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. तिच्या डबीवर एका गोळीत 18 मिलिग्रॅम लिहिलंय. दिवसाला चार गोळ्या म्हणजे 72. तिच्या 55 किलोंना मर्यादा 2,200. मी तिला हे गणित कागदावर करून दाखवलं, 2,200 हा आकडा कसा ठरला आणि त्यात काय गृहीत धरलंय तेही सांगितलं. आणि डॉक्टरांशी बोलून ठरव म्हटलं.

ती म्हणाली, "म्हणजे नक्की नाहीच ना सांगता येत?" मी म्हटलं, नाही. पण कशाबद्दल नक्की नाही आणि किती, ते सांगता येतं. तिने कागद घडी करून डबीखाली ठेवला.