गगनेंद्रनाथांचे रात्रीचे शहर : जलरंग आणि घनवाद

गगनेंद्रनाथ ठाकूर (१८६७–१९३८) यांच्या घनवादी चित्रांचा विचार बहुधा ‘प्रभाव’ या संकल्पनेच्या अनुषंगाने झाला आहे. डब्ल्यू. जी. आर्चर यांनी १९५९ मधील ‘इंडिया अँड मॉडर्न आर्ट’ या ग्रंथात ही चित्रे पाश्चात्त्य घनवादाचे दुर्बळ अनुकरण ठरविली. २००७ मध्ये पार्थ मित्तर यांनी या निकषामागील वासाहतिक दृष्टी उघड केली. मात्र हे खंडन मान्य केल्याने चित्रांचे मूल्य आपोआप सिद्ध होत नाही. त्यासाठी माध्यमाकडे वळणे अपरिहार्य ठरते.

पिकासो व ब्राक यांचा विश्लेषक घनवाद प्रामुख्याने तैलरंगात घडला. तेथे उजळ छटा गडद छटेवर चढविता येते, प्रतलाची पुन्हा मांडणी करता येते. पारदर्शक जलरंग ही मुभा देत नाही. त्यात प्रकाश म्हणजे राखलेला कागद आणि अंधार म्हणजे एकावर एक चढलेले थर. ‘सिटी इन द नाइट’सारख्या चित्रातील रात्र म्हणूनच सपाट काळी नाही, थरांखालचा कागद तिच्यात मंदपणे जाणवत राहतो. कोरड्या कागदावर प्रतलाची कडा धारदार उमटते, ओल्या कागदावर ती विरघळते. १९०३ मध्ये कलकत्त्यास आलेल्या योकोयामा ताइकान व हिशिदा शुन्सो यांच्यामुळे ठाकूर परिवारास परिचित झालेले जपानी धावनतंत्र येथे घनवादी भूमितीशी जोडले जाते.

या संयोगातूनच चित्रमालिकेची भाववृत्ती आकारास येते. विश्लेषक घनवाद परिचित वस्तूचे घटक उकलतो. गगनेंद्रनाथांची प्रतले मात्र वास्तू अधिक गूढ करतात. जिने, कमानी, दारे दिसतात, पण प्रकाशाचा उगम दिसत नाही. परिणामी दृष्टी शहरात शिरते, परंतु कोठेच स्थिरावत नाही.

काही चित्रांत ही प्रतले केवळ शोभादर्शकातील नक्षीप्रमाणे अलंकरणात्मक होतात, हे नाकारता येणार नाही. पण ती उणीव त्या चित्रांतील रचनेची आहे, अनुकरणाची नव्हे. कालक्रमही येथे बोलका आहे. स्टेला क्रामरिश यांचा ‘ॲन इंडियन क्यूबिस्ट’ हा लेख ‘रूपम्’मध्ये जुलै १९२२ मध्ये आला, क्ले, कांडिन्स्की, फायनिंगर यांच्या कृती असलेले बाउहाउस प्रदर्शन कलकत्त्यात भरले ते त्याच वर्षीच्या डिसेंबरात. तेव्हा या प्रयोगांचे मूळ त्या प्रदर्शनात शोधता येत नाही. प्रभाव कोठून आला, या प्रश्नाचे उत्तर मिळाले तरी माध्यमात त्याचे काय झाले, हा प्रश्न शिल्लक राहतो. आणि समीक्षेचे खरे कार्य तेथूनच सुरू होते.