नमुना घरात केरसुणी कुठे असते?

पुस्तकांचे परीक्षण होते, नाटकांचे होते, चित्रपटाचे तर पहिला खेळ सुटण्यापूर्वीच होते. पण घराचे परीक्षण कोणी करीत नाही. दोनशे रुपयांचे पुस्तक घेण्याआधी चार जणांचे मत विचारणारा गृहस्थ वीस वर्षांचे कर्ज काढून घ्यायच्या घराविषयी एवढेच विचारतो, की स्टेशन किती लांब आहे? वास्तविक घर हीही एक रचनाच आहे. तीत पात्रे असतात, प्रसंग असतात, अडगळ असते. आणि रचणाऱ्याने काय दाखवले यापेक्षा काय दडवले यावरूनच तिची खरी पारख होते. मी मॅट्रिक झालेली शिक्षिका. स्थापत्यशास्त्र मला येत नाही. परंतु कादंबरी लिहिताना पात्र खोलीत शिरले, की ते बसणार कुठे आणि त्याची ओली छत्री टेकणार कुठे, हे मला आधी ठरवावे लागते. तेवढ्याच अधिकारावर हे परीक्षण करीत आहे.

परीक्षणासाठी घेतलेली कृती म्हणजे कोलशेतचे एक नमुना घर. कोलशेत हे ठाण्याच्या अंगाचे, खाडीकाठचे जुने गाव. मागल्या शतकात कोलशेत रस्त्याला कारखाने आले. सँडोझचा, म्हणजे पुढे ज्याचे नाव क्लॅरिअंट झाले तो रसायनांचा कारखाना त्यांतला एक मोठा. कालांतराने तोही गेला, आणि या साऱ्या परिसरात आता उंच मनोरे उभे आहेत. जुने गावठाण त्यांच्या सावलीत आहे. चाळीतून किंवा भाड्याच्या खोलीतून उठू पाहणारे कुटुंब रविवारी इकडे येते, ते प्रथम नमुना घर पाहायला.

ही कृती दिसायला देखणी आहे, हे आधीच मान्य करते. बाहेरची खोली दहा बाय चौदाची. तीत एक सोफा, काचेचे टेबल, भिंतीवर दूरदर्शन संच, त्याखाली लांबलचक लाकडी कपाटी आणि तीवर तीन शंख, एक फुलदाणी. पाहणारा म्हणतो, 'वा! किती मोकळे!' मोकळे का असणार नाही? या घरात चपला नाहीत, दप्तरे नाहीत, रेनकोट नाहीत. कुकर नाही, इस्त्री नाही, पाहुण्यांच्या गाद्या नाहीत, गणपतीचे मखर नाही, शेवेचा सोऱ्या नाही, आणि केरसुणी तर औषधालाही नाही. दार उघडायला जागा लागते म्हणून की काय, आतल्या खोल्यांना दारेही बसवलेली नव्हती. पलंग मी वितीने मोजला; तो सहा फूट भरेना. थोडक्यात, ही पात्रांवाचूनची कादंबरी आहे. जिच्यात कोणी राहतच नाही, ती कथा नीटनेटकी असणे यात लेखकाचे कौतुक ते काय!

मराठी माणसाला हा दिवाणखाना नवा नाही. त्याने तो रंगभूमीवर पाहिला आहे. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' आणले आणि रंगवलेल्या पडद्यांच्या जागी खऱ्या खोलीसारखी खोली मंचावर उभी राहिली. ते पाऊल मोठेच होते. तेव्हापासून किती नाटकांतून आपण तो दिवाणखाना पाहिला असेल! दोन दरवाजे, एक खिडकी, कोच आणि भिंतीवर तसबीर. पण नाटकातल्या कुटुंबाला गाद्या लागत नाहीत, कारण शेवटचा पडदा पडला की ते आपापल्या घरी निजायला जाते. आपण मात्र पडदा पडल्यावरही तेथेच राहणार असतो. नमुना घराची फसगत येथेच आहे: ते घराचा नव्हे, नेपथ्याचा नमुना दाखवते.

याच्या शेजारी दुसरी, जुनी संहिता ठेवून पाहू. १९२० च्या दशकात मुंबई विकास खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. त्याच बी.डी.डी. चाळी. खोली १६० चौरस फुटांची. तीत आईबाप, मुले, म्हातारी आणि गावाहून नोकरीसाठी आलेला पुतण्या. एवढी माणसे त्या खोलीत मावली कशी? कारण ती खोली दिवसातून चार वेळा आपले रूप पालटत असे. पहाटे वळकट्या बांधून खाटेवर रचल्या, की ती बैठकीची खोली होई. पाट मांडले की जेवणघर, पाट भिंतीला उभे केले की अभ्यासिका, आणि रात्री वळकट्या सोडल्या की शयनगृह. ट्रंका खाटेखाली, रोजचे कपडे दांडीवर, डबे फळीवर, वर्षाची अडगळ माळ्यावर. प्रत्येक वस्तूला जागा होती आणि जमीन कोणाच्याच मालकीची नव्हती; म्हणूनच ती सर्वांच्या वाट्याला येई.

कोणी म्हणेल, बाई चाळीचे गोडवे गाऊ लागल्या! तसे नाही. सामाईक संडासाची रांग आणि पावसाळ्यातली गळती यांचे गोडवे कोण गाणार? पुलंची 'बटाट्याची चाळ' १९५८ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हापासून चाळ म्हटले की आपण आधी हसतो. पण त्याच पुस्तकाचा शेवट चिंतनाने होतो, हे विसरतो. शिवाय दिवसातून चार वेळा खोलीचे रूप पालटत असे ते आपोआप नव्हे. वळकट्या उचलणारे, स्टुलावर चढून माळ्यावरची परात काढणारे हात बहुधा घरातल्या बाईचेच असत. तेव्हा चाळीकडून उचलायचे ते तिचे कष्ट नव्हेत. तिचा एक नियम तेवढा उचलायचा. तो असा: सामान उंचीवर, माणसे जमिनीवर.

हा नियम आकड्यांत मांडते. शिक्षिकेची खोड आहे. लोखंडी कपाट आपल्या घरांत खोल रुजले आहे. गोदरेजने ती करायला १९२३ साली आरंभ केला, आणि पुढे कपाटावाचून संसार मांडला असे वाटेना. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल असे कपाट धरा. त्यात सुमारे २९ घनफूट सामान मावते. ते साडेचार चौरस फूट जमीन घेते, आणि दार उघडायला पुढची तितकीच मोकळी ठेवावी लागते; म्हणजे झाली नऊ. हिशेबाच्या सोयीसाठी जागेचा भाव चौरस फुटाला पंधरा हजार धरला, तर कपाट ज्या जमिनीवर उभे आहे तीच साडेसदुसष्ट हजारांची झाली. कपाटापेक्षा त्याची उभे राहण्याची जागा महाग! आता छत साडेनऊ फुटांवर असलेल्या खोलीत सात फुटांवर, दहा फूट लांब आणि दोन फूट खोल असा माळा काढा. त्यात ५० घनफूट सामान मावते, आणि जमीन लागते शून्य. कायदा घराचे क्षेत्र जमिनीवर मोजतो, बांधणारा जमिनीचे पैसे घेतो. भिंतीची वरची अडीच फूट उंची मात्र कोणी मोजत नाही. ती जवळजवळ फुकट मिळालेली असते, आणि आपण तेथे शोभेची पट्टी मारून दिवे लावतो.

परंतु नुसते वर ढकलणे म्हणजे साठवण नव्हे. माळ्यावर जायचे ते वर्षातून एकदोनदा लागणारे: मखर, आकाशकंदील, प्रवासाच्या बॅगा. रोज लागते ते गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात असावे, म्हणजे वाकणे नको नि चढणे नको. जड ते खाली. ही अक्कल आपल्यापुरतीच नाही. जपानी घरात अंथरुणे सकाळी घडी करून भिंतीतल्या खोल फडताळात जातात आणि खोली दिवसभर रिकामी राहते. आपल्या वळकटीचीच ही बहीण. पुढे १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन स्थापत्यकार बाईंनी फ्रँकफर्टच्या कामकरी वसाहतींसाठी सुमारे सत्तर चौरस फुटांचे स्वयंपाकघर आखले. गृहिणीची पावले आणि वेळ मोजून त्यांनी प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. तांदूळ, साखर यांसाठी नावे घातलेले अॅल्युमिनियमचे खण भिंतीत बसवले. साठवणीचा विचार वस्तूच्या मापाने न करता काम करणाऱ्या हाताच्या मापाने करावा, हा त्यांचा धडा बैठकीच्या खोलीलाही लागू आहे. त्या रचनेवर पुढे आक्षेपही आला: त्या अरुंद जागेत एकच माणूस उभे राहू शके, त्यामुळे बाई घरापासून तुटली. सोय करताना माणूस एकटे पडू नये, हे तेथून उचलायचे.

आणि येथेच माझ्या परीक्षणाचा मुख्य मुद्दा येतो. माझ्या ओळखीचे एक कुटुंब चाळीतून कोलशेतच्या नव्या घरात राहायला आले. हौसेने सुताराकडून दूरदर्शन संचासाठी भिंतभर मांडणी करून घेतली. काम सुबक, खण बावीस. सुनेने ते वाटले: मुलांचे, नवऱ्याचे, काचेच्या भांड्यांचे, वायरींचे, शोभेच्या वस्तूंचे. आजींची पत्र्याची ट्रंक तेवढी या सजावटीत बसेना. ती भंगारात गेली. कोणी दुष्टपणा केला नाही. 'आई, तुमचे कपडे आमच्याच कपाटात ठेवा,' असे सून मनापासून म्हणाली. पण दुसऱ्याच्या कपाटाला दर वेळी हात लावायचा आजींना संकोच. त्यांनी दोन लुगडी, औषधे आणि पोथी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि ती न्हाणीघराच्या दारामागल्या खुंटीला लावली. सहा महिन्यांनी त्या गावी गेल्या, त्या परत आल्या नाहीत. बावीस खण, त्यांपैकी तीन शंखांना एक, आणि ज्या बाईने १६० चौरस फुटांत सात माणसांचा संसार मावून दाखवला तिला एकही नाही!

म्हणून साठवण हा मला सुताराचा प्रश्न वाटत नाही. घरात कोणाला किती जागा, याचा तो निवाडा असतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींतल्या ५५६ कुटुंबांना तेथल्याच नव्या इमारतींत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आनंदाची गोष्ट आहे. पण जागा तिप्पट झाली म्हणून मोकळी जमीन तिप्पट होईलच, असे नाही. कोच, पलंग, मांडणी आणि जेवणाचे टेबल एवढे आले, की वाढलेली जमीन त्यांच्या पायांखाली जाते.

तेव्हा माझे सांगणे थोडके आहे. सुतार बोलावण्याआधी घरातल्या माणसांची यादी करावी आणि प्रत्येकाला, म्हाताऱ्याला नि पोरालाही, स्वतःचा एक खण द्यावा. उरलेले खण वस्तूंना. दाराजवळ चपला, छत्र्या आणि दप्तरे यांची सोय आधी, शोभा मागाहून. जेवणाचे टेबल भिंतीला मिटणारे करावे. कोचाखाली किंवा दिवाणात खण करायचा तर पुढे ओढायचा करावा. गादी उचलून वरून उघडायच्या पेटीत गेलेली वस्तू सहसा दिवाळीलाच दिसते. ठाण्याचा पाऊस ध्यानात धरून बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवू नये, चार बोटे वारा ठेवावा. नाहीतर पुस्तकांना बुरशी येते. माळ्याच्या दाराला आतून वस्तूंची यादी चिकटवावी, म्हणजे एका परातीसाठी सगळा माळा खाली येणार नाही. आणि एक भिंत तरी निखालस रिकामी ठेवावी. तिला पाठ टेकून माणसे बसतात.

दिवाळी अंकांचे काय करायचे, हे मात्र मला विचारू नका. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माळ्यांवर हा भार चढतोच आहे, आणि तो उतरवण्याचा सल्ला देणे माझ्या हिताचे नाही.

दिवाळीची साफसफाई हे आपल्या घरांचे वार्षिक परीक्षण. सारे सामान खाली येते, प्रत्येक वस्तूला विचारले जाते की बाई, तू अजून कशाला? यंदा ते झाले, की आणखी एक माप घ्या. पाट, ताट आणि मांडी मिळून एका माणसाला दोन बाय तीन, म्हणजे सहा चौरस फूट जमीन लागते. सहा माणसांना छत्तीस. ही जवळजवळ एका दुहेरी पलंगाची जागा. तुमच्या बैठकीच्या खोलीत फराळाला असे किती पाट मांडता येतात ते मोजा. तो आकडा म्हणजे तुमच्या घराचे खरे क्षेत्रफळ. करारपत्रात तो लिहिलेला नसतो.